‘साहेब, हा नाटक करतोय’ : तुरुंगातला डॉक्टर आणि त्याचे पूर्वग्रह

प्रश्न एका तरुण डॉक्टरचा आहे. थोडक्यात असा: ‘एमबीबीएस झालोय. मध्यवर्ती कारागृहात वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली आहे. घर मध्यमवर्गीय, मामा पोलीस खात्यात, स्वतः कधी कोर्टाची पायरी चढलेलो नाही. समोरच्याने खून केलाय हे माहीत असताना उपचार निःपक्षपातीपणे होतात का? डॉक्टरची जात, वर्ग, घरचे संस्कार यांनी कितपत फरक पडतो? आणि लहान मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस समोर आला तर मी काय करू?’

फरक पडतो, बराच पडतो. पण तुम्हाला ज्या जागी भीती वाटतेय तिथे तो फारसा दिसणार नाही. खुनाचा आरोपी पाहून हात थरथरणं वगैरे पहिल्या पंधरवड्यात संपतं. कलमांची नवलाई ओसरते आणि समोर उरतात खोकला, खरूज, मूळव्याध, मधुमेह आणि झोप न येणारी माणसं. पूर्वग्रह दिसतो तो अगदी किरकोळ वाटणाऱ्या ठिकाणी. माणसाला स्टुलावर बसवलं की उभ्या-उभ्याच गोळी लिहून दिली? पोटाला हात लावला का? ‘कधीपासून दुखतंय?’ यानंतर दुसरा प्रश्न विचारला का? मोठ्या दवाखान्यात पाठवायचं पत्र आज लिहिलं की ‘सोमवारी बघू’ म्हटलं? एवढ्यासाठी द्वेष असावा लागत नाही. दुपारी दोन वाजता रांगेत अजून चाळीस जण उभे असले की तेवढं पुरतं.

मी कारागृहात काम केलं, नंतर जिल्हा रुग्णालयात कैद्यांचा वॉर्ड सांभाळला. त्या अनुभवावरून माझं मत असं की गुन्ह्याबद्दलची घृणा हा या कामातला मोठा पूर्वग्रह नव्हे. मोठा पूर्वग्रह म्हणजे ‘हा खोटं बोलतोय’ हा. आणि तो आपण घरून पूर्ण तयार घेऊन येत नाही, तो तिथे चढवला जातो. बरॅकमधून कैद्याला घेऊन येणारा शिपाई तुम्ही नाडीला हात लावायच्या आत सांगून मोकळा होतो, ‘साहेब, हा रोजचाच आहे. उद्या तारीख आहे ना याची, म्हणून नाटक करतोय.’ आता इथे तुमचं घर मध्ये येतं. ज्याच्या दारात पोलीस फक्त पासपोर्टच्या चौकशीला आले, ज्याचा मामा खात्यात आहे, त्याला खाकीतल्या माणसाचं बोलणं ही माहिती वाटते आणि कैद्याचं बोलणं हा दावा वाटतो. ज्या डॉक्टरच्या वस्तीत पोलिसांची गाडी आली की पोरं पळतात, त्याला हेच वाक्य वेगळं ऐकू येतं. दोघांचं शिक्षण एकच, पुस्तकं एकच.

कैदी खोटं बोलतात का? बोलतात, कशाला लपवायचं. पण का बोलतात ते पाहा. कारागृहात वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीवर काय काय चालतं याची यादी तुम्हाला पहिल्या आठवड्यातच पाठ होईल: दूध, अंडी, पाव असा ‘मेडिकल डाएट’, जादा घोंगडी, हलकं काम, दवाखान्याच्या वॉर्डातली खाट, बाहेरच्या रुग्णालयाची फेरी. बाहेरच्या फेरीत गाडीच्या जाळीतून रस्ता दिसतो, नशीब असेल तर गेटवर बायको दिसते. जिथे सवलतीची प्रत्येक वाट आजारातून जाते, तिथे माणूस आजार दाखवणारच. बाहेर काय वेगळं आहे? भाचीच्या लग्नाला चार दिवस हवेत म्हणून मास्तर येतात, त्यांना आपण ‘व्हायरल फीव्हर’ लिहून देतोच की, आणि त्यांना कोणी खोटारडे म्हणत नाही.

या संशयाला कायद्याचंही खतपाणी मिळालेलं आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या कलम ४५ मध्ये तुरुंगातल्या गुन्ह्यांची यादी आहे, त्यात आजारी असल्याचं सोंग घेणं हाही गुन्हा आहे. त्याच कायद्यात अपुऱ्या आहाराची किंवा फटक्यांची शिक्षा देण्याआधी कैदी ती सोसायला तंदुरुस्त आहे असा दाखला डॉक्टरने द्यायचा, अशीही तरतूद होती. म्हणजे डॉक्टर हा शिक्षेच्या यंत्रणेतला एक टप्पा म्हणूनच कल्पिला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी (कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम) हे उलटवलं: आरोग्य कर्मचाऱ्यांचा शिस्तीच्या शिक्षेत काहीही सहभाग असू नये, आणि वैद्यकीय निर्णय बिगरवैद्यकीय अधिकाऱ्याला फिरवता येऊ नये. नियम बदलतात, दवाखान्याच्या खोलीतली हवा इतक्या लवकर बदलत नाही. कैद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या नोंदींच्या कागदावर, तुम्ही ‘सोंग’ असा एक शब्द लिहिलात की तो माणूस तुरुंगात असेपर्यंत त्याच्या मागे राहतो. पुढचा डॉक्टर तो आधी वाचतो, मग रोग्याकडे बघतो. म्हणून माझा हट्ट असे की तो शब्द लिहायचाच नाही. ‘दुखतं असं सांगतो. पोट मऊ, ताप नाही, नाडी ८०, उद्या सकाळी पुन्हा पाहणे.’ बस. जे दिसलं ते लिहावं, त्याचा हेतू लिहू नये.

हेतूवरून एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. विशीतला पारधी मुलगा, चोरीच्या गुन्ह्यात न्यायाधीन. संध्याकाळच्या टाळाबंदीनंतर पोटात दुखतंय म्हणून ओरडायला लागला. शिपायाचं म्हणणं, याला बाहेर जाऊन बायकोला भेटायचंय. पाळीवर तरुण डॉक्टर होता. त्याने पोटाला बोट लावलं की पोरगा किंचाळायचा, त्यामुळे नाटकाची खात्रीच पटत चाललेली. तेवढ्यात आमचे एक वरिष्ठ आले. त्यांनी पोटाला हात लावलाच नाही. ‘थांब, नुसते आवाज ऐकतो’ म्हणत स्टेथोस्कोप ठेवला, त्याच्या तोंडाकडे बघत गाव कुठलं, भाऊ किती असं विचारत राहिले आणि हळूहळू तीच चकती दाबत नेली. सोंग घेणारा इथे फसतो, कारण ऐकताना दुखत नाही हे त्याला ठाऊक असतं. हा पोरगा भावांची नावं सांगता सांगता मध्येच थांबला आणि त्याने श्वास आवरला. पोट फळीसारखं कडक. आतड्यांचा आवाज नाही. उजव्या बरगड्यांखाली टिचकी मारली तर यकृताच्या जागी यायचा ठस्स आवाज नव्हता, पोकळ वाजत होतं. एक्सरेत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली हवा. टायफॉइडने आतड्याला भोक पडलं होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं, पोरगा वाचला.

आणि बायको? ती दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या आवारात बसलेली होती. भेटायची इच्छाही खरी असणार. आपण उगाच धरून चालतो की फायदा दिसला म्हणजे आजार खोटा. माणसाला आतड्याला भोकही असू शकतं आणि बायकोही.

घरच्या संस्कारांचा सगळ्यात स्वच्छ नमुना पाहायचा तर दारू सुटल्याचा त्रास पाहा. माणसाला अटक होते, एक-दोन दिवस पोलीस कोठडीत जातात, मग न्यायालयीन कोठडी आणि तुरुंग. शेवटचा घोट अटकेच्या दिवशीचा. झटके साधारण ६ ते ४८ तासांत येतात, आणि खरा धोक्याचा भ्रम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे नेमका तुमच्या दारात. रात्री बरॅकमध्ये त्याला अंगावर किडे दिसतात, भिंतीतून माणसं येताना दिसतात, तो अंथरुणं ओढतो, अंगावर धावतो. बाकीचे कैदी मारतात, शिपाई बांधून ठेवतात, सकाळी तुमच्यासमोर ‘वेडा’ किंवा ‘नाटकी’ म्हणून आणतात. माळकरी घरातला डॉक्टर, किंवा ज्याचा बाप दारूने गेला तो डॉक्टर, दोघेही इथे अडतात. एकाला हे पाप वाटतं, दुसऱ्याला जुना राग येतो. ‘प्यायला कोणी सांगितलं होतं?’ हे वाक्य मी फार सज्जन माणसांच्या तोंडून ऐकलंय. नाडी मोजा, घाम बघा, हात पुढे करायला लावून कंप बघा. डायझेपाम किंवा लोराझेपाम, ग्लुकोज लावायच्या आधी थायमिन, आणि रात्रभर माणूस नजरेसमोर. उपचार न झालेला हा भ्रम जीव घेतो, आणि मग कोठडीतल्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी लागते.

गर्दुल्ल्यांचंही तेच, फक्त तिथे शरीर आपल्याला मदत करतं. ब्राऊन शुगर सुटली की जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं, अंगावर काटा येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. कंबर दुखल्याचं सोंग घेता येतं, बाहुल्यांचं घेता येत नाही.

सोंगावरून आठवलं. झिगबर्ट गान्झर नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही कैद्यांचं वर्णन करून ठेवलंय. दोन अधिक दोन किती विचारलं तर पाच सांगायचे, घोड्याला पाय किती तर तीन. उत्तर चुकीचं, पण बरोबर उत्तराच्या शेजारचं. हे सोंग की मनाची फारकत यावर मानसोपचारवाल्यांचं अजूनही एकमत नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ तज्ज्ञांना जे ठरवता आलं नाही, ते गेटवरचा हवालदार दोन मिनिटांत कसं ठरवतो याचं मला कायम कुतूहल वाटत आलंय.

आता जातीबद्दल. तुम्ही विचारलंच आहे तर आडपडदा न ठेवता सांगतो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली ७५ टक्क्यांहून जास्त न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशी होती. तुमच्यासमोरच्या रांगेत दर चौघांतले तिघे कच्चे कैदी असणार, आणि त्यांत गरीब, दलित, आदिवासी, मुस्लिम, भटके-विमुक्त यांची गर्दी तुम्हाला कागद न बघताही दिसेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ‘पारधी आहे ना, मग चोरी केलीच असणार’ हे आजही सहज बोललं जातं. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत तर जातीवरून कामं वाटून देणारी कलमं होती, साफसफाई कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. २०२४ साल. हे थोडं थांबून वाचा.

दवाखान्यात जात कशी शिरते? ‘ही माणसं काटक असतात’ या कौतुकाच्या वाक्यातून. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे निम्म्यांना काळ्या माणसांच्या शरीराबद्दलची निदान एक तरी खोटी समजूत खरी वाटत होती, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते. आणि ज्यांना तसं वाटत होतं त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही कमी अचूक सुचवले. आपल्याकडे चामडीचा रंग नाही, आडनाव आहे. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाला टाके घालताना भूल दिली जाते आणि दुसऱ्याला ‘दोनच टाके आहेत, सोस’ म्हटलं जातं. दुसरा कोण असतो ते तुम्ही स्वतःच महिनाभर टिपून ठेवा, मी सांगितल्यापेक्षा जास्त पटेल.

भूल न देता टाके हा प्रकार ब्लेड मारून घेतलेल्यांच्या बाबतीत विशेष दिसतो. हातावर, छातीवर आडव्या रेघा. ‘पुन्हा करणार नाही’ असा धडा म्हणून लिग्नोकेन, म्हणजे जागेवरच्या भुलीचं औषध, वापरायचं नाही, असं ठरवणारे लोक मी पाहिलेत, आणि ते एरवी वाईट डॉक्टर नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच गृहीत धरायचं. नव्या न्याय संहितेचं कलम २२६ मात्र सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवतं. त्यामुळे प्रशासनाला तुमच्याकडून ‘दबावासाठी केलं’ असं लिहून हवं असतं. ते ठरवणं तुमचं काम नाही. जखमेची लांबी, खोली, जागा, माणसाची मनःस्थिती लिहा. आणि लिग्नोकेन वापरा, त्यावर चर्चा नको.

पूर्वग्रह खालच्याच बाजूला झुकतो असं नाही, वरही झुकतो, आणि तो ओळखायला जास्त अवघड जातो कारण तो सौजन्यासारखा दिसतो. आर्थिक घोटाळ्यातला कैदी आत येतो. बोलणं आपल्यासारखं, औषधांची नावं बरोबर, ‘डॉक्टर, माझे कार्डिऑलॉजिस्ट अमुक’ म्हणतो. आपण आपोआप खुर्ची देतो. एखादा डॉक्टरच आरोपी म्हणून आला तर विचारूच नका, ‘आपल्यातलाच’ म्हणून सगळा दवाखाना हळवा होतो. त्याची छातीतली कळ लगेच मोठ्या रुग्णालयात जाते आणि हमालाची ‘गॅस’ होते. याची दुसरी बाजूही आहे. अटक झाली की पुढाऱ्यांच्या छातीत दुखतं हा आपल्याकडे इतका जुना विनोद आहे की खरंच हृदयविकाराचा झटका आलेला पुढारी त्या विनोदापायी मरू शकतो. यावर उपाय साधा आहे: छातीत दुखतंय म्हटलं की ईसीजी, कलम कोणतं का असेना, आडनाव कोणतं का असेना. लेखी नियम करून भिंतीवर लावा. मग शिपायाच्या मतालाही जागा उरत नाही आणि तुमच्याही.

महिला विभागात ‘चारित्र्य’ हा आणखी एक चष्मा असतो. नवऱ्याच्या खुनाची किंवा वेश्याव्यवसायाच्या गुन्ह्यातली बाई अंगावरून जातंय म्हणाली की प्रश्न विचारण्याचा सूरच बदलतो, आणि तो सूर कळला की बाई पुढचं सांगत नाही.

डॉक्टर आणि कैदी अगदी विरुद्ध गोटातले असतील तर विश्वास कसा उभा राहतो, याचं एक उदाहरण पुण्यातलंच आहे. जानेवारी १९२४ मध्ये राजद्रोहाची शिक्षा भोगत असलेल्या गांधींना येरवड्यात अपेंडिक्सचा त्रास झाला. १२ जानेवारीला त्यांना ससून रुग्णालयात आणलं. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, म्हणजे ज्या सरकारने तुरुंगात टाकलं त्याच सरकारचे शल्यविशारद. डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याचा प्रयत्न झाला, पण थांबायला वेळ नव्हता. नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं गेलं, आपल्याला डॉक्टरांवर विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेला संमती आहे असं निवेदन तयार झालं, गांधींनी त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडलं.

यात मॅडॉकच्या मनात गांधींबद्दल काय होतं हे शोधत बसायची मला गरज वाटत नाही. माझं लक्ष जातं ते बाकीच्या व्यवस्थेकडे. रोग्याला काय होतंय ते सांगितलं गेलं. दुसऱ्या डॉक्टरचा पर्याय दिला गेला. त्याच्या विश्वासातला माणूस बोलावला गेला. संमती कागदावर आली. एवढं झाल्यावर साम्राज्याचा अधिकारी आणि साम्राज्याचा शत्रू यांच्यात एक साधी शस्त्रक्रिया होऊ शकली. अर्थात ते गांधी होते, काही बरंवाईट झालं असतं तर देश पेटला असता. त्याच महिन्यात येरवड्यातल्या एखाद्या दरोडेखोराचं अपेंडिक्स दुखलं असेल तर त्याच्यासाठी कोणाला बोलावलं असेल? पण म्हणूनच त्या चार गोष्टी घ्या आणि त्या दरोडेखोराला लावा. नातेवाइकाला फोन करू देणं, काय करतोय ते त्याच्या भाषेत सांगणं, यासाठी पैसा लागत नाही. गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली) किंवा पारध्यांची बोली येत नसेल तर दुभाषा शोधा, मात्र तो त्याच बरॅकचा दादा नसेल एवढं बघा.

पोलिसांकडून आलेल्या जखमांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तुमच्या मामाचा संबंध इथे येतो. नवीन कैद्याची दाखल तपासणी तुम्ही करणार. सोबतच्या कागदावर आधीच ‘जखम नाही’ असं छापल्यासारखं आलेलं असतं. पोलीस दारात उभे, तुम्ही विचारता ‘काही तक्रार?’, तो म्हणतो ‘नाही’. ही तपासणी नव्हे. पोलिसांना ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभं करा, नजरेत राहिले तरी चालेल. सदरा काढायला सांगा. तळपाय बघा, कारण मार तिथे लपवतात. कानशिलात बसलेली असेल तर कानाच्या पडद्याला भोक असू शकतं, दुर्बीण घालून बघा. मुका मार किती दिवसांचा हे नुसत्या रंगावरून छातीठोक लिहू नका, कोर्टात उलटं पडतं. रंग, माप, जागा लिहा आणि ‘कसं झालं’ याचं उत्तर त्याच्याच शब्दांत, अवतरणात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की डॉक्टरने छळाला मदत करायची नाही आणि दुसऱ्याने केलेला छळ लपवायचाही नाही. ‘पडला असेल’ हे लपवण्यातच येतं. खात्यातले नातेवाईक असलेला डॉक्टर हे लिहू शकत नाही असं मी म्हणत नाही. उलट मी पाहिलेल्या सगळ्यात नेटक्या नोंदी एका फौजदाराच्या मुलाच्या होत्या, त्याला कुठे बघायचं ते ठाऊक होतं.

मग येतो रोजचा दबाव, जो पूर्वग्रहापेक्षाही गुपचूप काम करतो. तुम्ही अधीक्षकांच्या आवारात राहणार, त्यांच्याच गाडीने बाजारात जाणार, शिपायांची पोरं तुमच्याकडेच औषधाला येणार. ही माणसं चांगली असतात, हाच त्रास असतो. रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड लागतो, गार्ड मिळत नाही, आणि हळूहळू तुम्ही गार्ड मिळण्याची शक्यता बघून आजाराची गंभीरता ठरवायला लागता. हे ज्याचं त्याला कळत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: रोग्याला पाठवायची गरज आहे असं ज्या क्षणी वाटलं ती तारीख-वेळ लिहा, गार्ड मागितल्याची वेळ लिहा, आल्याची वेळ लिहा. रुग्णालयात खाटेला बेडी ठोकलेली दिसली तर विचारा, मॅजिस्ट्रेटची परवानगी कुठे आहे? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगून झालंय. आणि तुमच्या ओपीडीला कोण येतं याची यादी कोण करतं तेही बघा. बहुतेक ठिकाणी दवाखान्यात मदतीला असलेले जुने पक्के कैदी करतात, आणि ज्याच्याकडे बिडी नाही त्याचं नाव यादीत खाली सरकतं. आठवड्यातून एकदा स्वतः बरॅकमध्ये चक्कर मारा. खरजेचे रोगी तिथेच सापडतील, आणि खरूज एका माणसाची नसते, अख्ख्या बरॅकला एकाच दिवशी मलम लावलं नाही तर ती परत येते.

शेवटचा मुद्दा, कैद्यावरचं कलम बघायचं की नाही. अनेक जण म्हणतात, अजिबात बघू नका. मला ते अर्धंच पटतं. तपासायच्या आधी विचारू नका, आणि शिपाई सांगायला लागला तर ‘नंतर’ म्हणून थांबवा. पण तपासणी संपल्यावर दाखल होणाऱ्या प्रत्येकाचं कलम बघा, कारण काही गुन्ह्यांना वैद्यकीय अर्थ असतो. स्वतःच्या बायको-पोरांना मारून आलेला माणूस शांत बसलेला असेल तर त्याने पहिल्या काही दिवसांत जीव देण्याचा मोठा धोका असतो. आणि लहान मुलीवर अत्याचाराचा आरोप असलेल्याला दुहेरी धोका: बरॅकमधले बाकीचे कैदी त्याला मारतात, आणि एकट्याला कोठडीत ठेवलं तर तो स्वतःचं काहीतरी करून घेतो.

तुम्हाला मुलगी आहे की नाही मला माहीत नाही. असेल तर त्याला हात लावताना किळस येईल. येऊ दे. ती घालवायच्या मागे लागू नका, तेवढ्यात तपासणी राहून जाते. अशा वेळी छापील तपासणी तक्ता फार उपयोगी पडतो: वरून खाली प्रत्येक रकाना भरायचा, एकही गाळायचा नाही, आणि सोबत परिचारक उभा ठेवायचा. दुसरा डॉक्टर हाताशी असेल आणि तुमच्याने होतच नसेल तर त्याला बोलवा, त्यात कमीपणा नाही. रात्रपाळीला मात्र तुम्ही एकटेच असणार. त्याला पहिले काही दिवस दवाखान्याच्या वॉर्डात, परिचारकाच्या टेबलासमोरच्या खाटेवर ठेवा. नाडा, पट्टा, ब्लेड काढून घ्यायला सांगा, ‘मरावंसं वाटतं का’ हे त्याला सरळ विचारा, मानसोपचारतज्ज्ञाची भेट मागा. आणि हे सगळं अधीक्षकांना त्याच रात्री लेखी कळवून पोच घ्या, कारण सकाळी पाळी बदलली की त्याला बरॅकमध्ये पाठवायची घाई सगळ्यांनाच असते.